प्रोबेशनवर असताना दुसरी केस झाली, तर?

निकालाचा दिवस. मुलगा दोषी ठरतो, पण न्यायाधीश त्याला तुरुंगात पाठवत नाहीत. 'चांगल्या वर्तणुकीच्या बाँड'वर घरी सोडतात. आई देवासमोर साखर ठेवते, वडील कोर्टाच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात आणि सगळे नातेवाईक फोनवर एकच विचारतात, "सुटला ना?"

घरच्यांना वाटते, सुटला. कायद्याच्या भाषेत मात्र तो पूर्ण सुटलेला नसतो. त्याची शिक्षा फक्त थांबवून ठेवलेली असते. त्या काळात त्याच्यावर दुसरा गुन्हा दाखल झाला तर काय होते, हे बहुतेक घरांना ठाऊक नसते. मग कोणी घाबरून मुलाला गावाकडे पाठवून देते, तर कोणी 'एवढ्याशा केसने काय होतेय' म्हणून दंड भरून मोकळे होते. हे दोन्ही मार्ग फार महागात पडू शकतात. म्हणून या वेळच्या सदरात हा विषय जरा सविस्तर पाहू.

प्रोबेशन म्हणजे नेमके काय?

आधी गोंधळ दूर करू. नोकरीतले प्रोबेशन वेगळे, त्याचा इथे संबंध नाही. जामीन म्हणजे खटला चालू असताना मिळालेली मोकळीक. पॅरोल म्हणजे शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला ठरावीक कारणासाठी मिळालेली तात्पुरती सुटका. प्रोबेशन, म्हणजेच परिवीक्षा, खटला संपून गुन्हा सिद्ध झाल्यावर येते. न्यायालय म्हणते, 'तू दोषी आहेस, पण तुला आत्ता शिक्षा सुनावत नाही. सुधारण्याची संधी देतो.'

यासाठी आपल्याकडे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेचा कायदाही बदलला, पण हा १९५८ चा कायदा कायम आहे. त्याच्या कलम ४ नुसार, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, अशा गुन्ह्यातल्या व्यक्तीला न्यायालय बाँडवर सोडू शकते. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. या काळात बोलावले की शिक्षा ऐकायला हजर राहीन, शांतता राखीन आणि चांगले वागेन, असे तो लिहून देतो. बहुतेक वेळा एखादा जामीनदारही सही करतो.

याशिवाय न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश देऊ शकते. अशी देखरेख किमान एक वर्षाची असते. मग आणखी अटी येतात. कुठे राहायचे, दारू किंवा इतर नशा करायची नाही, आणि पुन्हा गुन्हा घडू नये म्हणून न्यायालयाला योग्य वाटेल ती इतर अट. या अटी मुलाला समजावून सांगणे आणि आदेशाची प्रत त्याला, जामीनदाराला व अधिकाऱ्याला देणे हे न्यायालयाचे काम आहे. तुमच्या घरात तो कागद नसेल तर उद्याच वकिलाकडून मागून घ्या. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या कागदावर अवलंबून आहेत.

एक उदाहरण घेऊ

समजा, एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे. कॉलेजच्या दिवसांत एका भांडणात त्याने लोखंडी सळईने एकाला जखमी केले. हत्याराने दुखापत केल्याच्या या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या प्रोबेशनवर सोडले. जामीनदार म्हणून मामा उभा राहिला. मुलगा आता एका गोदामात कामाला लागला आहे, पगार घरी देतो, सगळे सुरळीत आहे.

एक वर्षानंतर सोसायटीत पार्किंगवरून हाणामारी होते. फिर्यादी चार जणांची नावे देतो, त्यात याचेही नाव येते. मुलगा म्हणतो, "मी तर भांडण सोडवायला गेलो होतो." आता काय?

नवी केस म्हणजे लगेच तुरुंग नव्हे

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. एफआयआर म्हणजे आरोप. त्यानंतर तपास होतो, आरोपपत्र येते, खटला चालतो आणि मग निकाल लागतो. केवळ पोलीस ठाण्यात नाव आले म्हणून प्रोबेशन आपोआप रद्द होत नाही. असे करायचा अधिकार पोलिसांना नाही आणि परिवीक्षा अधिकाऱ्यालाही नाही. तो फक्त न्यायालयाला आहे, आणि तोही बाजू ऐकून घेतल्यावर.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. आरोप सिद्ध झालेला नसला तरी जुनी फाईल उघडू शकते. कायद्याचे कलम ९ सांगते की, अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा इतर मार्गाने न्यायालयाला वाटले की बाँडची अट मोडली गेली आहे, तर ते अटकेचे वॉरंट काढू शकते किंवा मुलाला आणि त्याच्या जामीनदाराला समन्स पाठवू शकते. 'इतर मार्गाने' हे शब्द नीट वाचा. जुन्या केसमधला फिर्यादी, नव्या केसमधले पोलीस किंवा सरकारी वकील, कोणीही ही माहिती न्यायालयापर्यंत नेऊ शकतो. त्यामुळे 'कोणाला कळणारच नाही' या भरवशावर राहू नका.

मुलगा हजर झाल्यावर न्यायालय त्याला सुनावणीपर्यंत कोठडीत ठेवू शकते किंवा जामिनावर सोडू शकते. इथे मुलगा स्वतःहून आला की वॉरंटवर धरून आणला, याचा फरक पडतो. पळून गेलेल्याला पुन्हा मोकळे सोडायला कोणतेही न्यायालय कचरेल.

सुनावणीत काय होऊ शकते?

साधारणपणे चार शक्यता असतात.

एक, अट मोडली असे न्यायालयाला पटत नाही. मग बाँड होता तसा चालू राहतो.

दोन, अट मोडली हे पटते, पण ही पहिलीच वेळ असते. अशा वेळी बाँड चालू ठेवून न्यायालय फक्त दंड करू शकते. मूळ कायद्यात या दंडाची मर्यादा ५० रुपये आहे. आकडा वाचून हसू येईल, पण तो भरायची मुदत चुकवू नका. मुदतीत न भरल्यास न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते.

तीन, न्यायालय अटी बदलते. परिवीक्षा अधिकाऱ्याने अर्ज केला तर प्रोबेशनचा काळ वाढवता येतो, मात्र मूळ आदेशाच्या तारखेपासून एकूण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. नवी अटही घालता येते. जामीनदार या बदलाला तयार नसेल तर नवा बाँड लिहून द्यावा लागू शकतो, आणि तो दिला नाही तर शिक्षा होऊ शकते.

चार, न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावते. आपल्या उदाहरणातल्या मुलाला पार्किंगच्या भांडणासाठी नव्हे, तर कॉलेजच्या दिवसांतल्या सळईच्या घटनेसाठी तुरुंगात जावे लागते. शिक्षा किती, हे आधी ठरलेले नसते. 'तुला सहा महिने दिले होते, ते आता भोग' असा हा प्रकार नाही. त्या गुन्ह्याला कायद्यात जेवढी कमाल शिक्षा आहे, तिथपर्यंतचा सगळा रस्ता न्यायालयापुढे मोकळा असतो.

या चारपैकी काय होईल, हे नव्या आरोपाचे स्वरूप, मुलाचे मधल्या काळातले वागणे, अधिकाऱ्याचा अहवाल आणि घरच्यांनी पहिल्या काही दिवसांत काय केले, यावर बरेच अवलंबून असते.

दोन फायली, दोन न्यायालये

नवी केस आपल्या वाटेने वेगळी चालते. जुन्या प्रोबेशनचे काम मात्र मूळ आदेश देणाऱ्या न्यायालयाकडे किंवा तो मूळ गुन्हा हाताळण्याचा अधिकार असलेल्या न्यायालयाकडे राहते. मुलाला नागपुरात प्रोबेशन मिळाले आणि तो नोकरीसाठी सुरतला गेला, तिथे केस झाली, तर सुरतच्या केसची तारीख तिथे आणि प्रोबेशनची सुनावणी नागपूरकडे, असे दोन्ही सांभाळावे लागते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना हे आधी ठाऊक नसते आणि एक तारीख चुकते.

नव्या केसमध्ये गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर पोलिसांनी सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. हजर राहण्याची नोटीस देऊन चौकशी करता येते. अशी नोटीस आली तर वेळेवर जायलाच हवे. मात्र 'हा पुन्हा गुन्हा करील' असे वाटण्याजोगे कारण असेल तर पोलीस अटक करू शकतात, आणि आधीची दोषसिद्धी हे कारण म्हणून पुढे केले जाण्याची शक्यता असते. जामीन मागतानाही सरकारी वकील जुनी केस दाखवतातच. म्हणून वकिलाने ती गोष्ट आधीच नीट मांडलेली बरी. 'होय, प्रोबेशनवर आहे. एक वर्षात एकही अट मोडलेली नाही, हा अधिकाऱ्याच्या भेटींचा तपशील, हे पगाराचे कागद.' असे सांगितले की तीच जुनी केस थोडी बाजूनेही बोलू लागते.

नव्या केसमध्ये दोष सिद्ध झाला तर त्याची शिक्षा वेगळी. जुन्या गुन्ह्याची शिक्षाही झाली, तर दोन्ही एकत्र भोगायच्या असा आदेश न्यायालयाने न दिल्यास सर्वसाधारणपणे एक संपल्यावर दुसरी सुरू होते.

सगळ्यात महाग सल्ला : "कबूल कर, दंड भर, मोकळा हो"

किरकोळ केस असली की कोर्टाच्या आवारात हा सल्ला हमखास मिळतो. तारखांना फेऱ्या मारण्यापेक्षा गुन्हा कबूल करायचा, हजार-दोन हजार दंड भरायचा आणि संध्याकाळी घरी. ज्याच्यावर आधी काहीच नाही, त्यालाही हे करताना दहा वेळा विचार करायला हवा. प्रोबेशनवर असलेल्यासाठी तर हा सापळाच आहे.

कारण सोपे आहे. कबुली दिली की दोषसिद्धी होते. दंड कितीही छोटा असो, कागदावर 'दोषी' असेच लिहिले जाते. आतापर्यंत जो फक्त आरोप होता, तो मुलाने स्वतःच्या तोंडाने पुरावा करून दिलेला असतो. हाच कागद जुन्या न्यायालयापुढे गेला की 'मी चांगला वागलो' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस घ्या. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. अनेकजण दंड भरून विसरून जातात. पण ज्याच्या आदेशात 'नशा करणार नाही' अशी अट आहे, त्याची ही कबुली सरळ अट मोडल्याची कबुली ठरते. दहा हजारांत संपलेली वाटणारी केस जुन्या गुन्ह्याचे दार उघडते.

इथे कबुली आणि तडजोड यांतला फरक समजून घ्या. काही गुन्हे कायद्यानेच तडजोडीचे ठरवले आहेत. साधी दुखापत हा त्यातलाच एक. जखमी व्यक्तीने न्यायालयात रीतसर तडजोड केली तर आरोपी निर्दोष सुटला असे मानले जाते. म्हणजे पार्किंगच्या त्याच भांडणात, त्याच दिवशी, एका कागदाने मुलगा दोषी ठरतो आणि दुसऱ्या कागदाने निर्दोष. आपल्या केसमधले कलम तडजोडीचे आहे का, हे वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका. आणि तडजोड वकिलामार्फतच करा. मुलाने किंवा घरच्यांनी फिर्यादीच्या दारात जाऊन 'केस मागे घे' असे म्हटले, तर धमकावल्याची आणखी एक तक्रार व्हायला वेळ लागत नाही.

निसटून जाणारे संरक्षण

प्रोबेशनचा एक मोठा फायदा घरच्यांना अनेकदा माहीतच नसतो. दोषी ठरल्यामुळे एखाद्या कायद्यानुसार जी अपात्रता येते, ती प्रोबेशनवर सोडलेल्या व्यक्तीला लागू होत नाही, असे याच कायद्याचे कलम १२ सांगते. तरुण मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. एका जुन्या घटनेने पुढची सगळी दारे बंद होऊ नयेत, हा त्यामागचा विचार आहे.

पण त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे. प्रोबेशनवर सुटल्यानंतर ज्याला मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा सुनावली गेली, त्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे बाँड मोडल्यावर नुकसान दुहेरी असते. तुरुंगातले महिने तर जातातच, शिवाय अपात्रतेपासूनची ढालही जाते. तुरुंगाचा काळ कधीतरी संपतो, ढाल मात्र परत मिळत नाही.

नोकरीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कलम १२ मुळे दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले आहे. ज्या वागण्यामुळे मुलगा दोषी ठरला, त्यावर नोकरी देणारा खाते म्हणून कारवाई करू शकतो. आणि भरतीच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यावर केस होती का, आहे का' असे विचारले असेल तर खरे लिहा. माहिती दडवण्याबद्दलचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात घालून दिले आहेत आणि उमेदवाराने खरी माहिती द्यायला हवी, हे त्यात स्पष्ट आहे. पासपोर्टच्या बाबतीतही फौजदारी केस चालू असेल तर अडचण येते आणि न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

जामीनदार झालेला मामा

सही करताना मामाने फारसा विचार केलेला नसतो. 'बहिणीचा मुलगा आहे, करून टाकू' एवढेच. पण कलम ९ नुसार समन्स त्यालाही येऊ शकते आणि बाँडची रक्कम जप्त होण्याची वेळ येऊ शकते. म्हणून नवी केस झाली की ही गोष्ट त्याच्यापासून लपवू नका. त्याला ती कोर्टाच्या कागदावरून कळली तर नाते तर दुखावतेच, पण सुनावणीत जो माणूस मुलाच्या बाजूने उभा राहायला हवा, तोच पाठ फिरवतो.

परिवीक्षा अधिकाऱ्याला सांगावे का?

सांगावे. मात्र कसे सांगावे, हेही महत्त्वाचे आहे.

परिवीक्षा अधिकारी कुठे महिला व बालविकास, कुठे सामाजिक न्याय किंवा समाजकल्याण, तर कुठे तुरुंग खात्याच्या अखत्यारीत असतो. राज्यागणिक हे बदलते. देखरेख ठेवणे, काम मिळवायला मदत करणे आणि गरज असेल तेव्हा न्यायालयाला अहवाल देणे ही त्याची कामे आहेत. त्याला नवी केस पोलिसांकडून कळली, तर अहवालात 'माहिती दडवली' असे वाक्य येऊ शकते. मुलाने स्वतः येऊन सांगितले, तर त्याच अहवालात 'स्वतःहून कळवले' असे येईल. एका वाक्याच्या या फरकाने न्यायाधीशांचे मत बदलू शकते.

तरीही अधिकारी कितीही जिव्हाळ्याचा असला, 'दादा' म्हणण्याइतकी ओळख असली, तरी तो न्यायालयाला उत्तरदायी आहे हे विसरू नका. आधी वकिलाशी बोला. मग अधिकाऱ्याला केस नंबर, पोलीस ठाणे, तारीख आणि पुढची हजेरी एवढे लेखी कळवा आणि पोच घ्या. घटनेच्या दिवशी कोणी काय केले, हा तपशील वकिलाच्या सल्ल्यानेच सांगा.

पहिल्या काही दिवसांत घरच्यांनी काय करावे?

१. प्रोबेशनचा आदेश आणि बाँड शोधा. काळ कधी सुरू झाला, कधी संपतो, अटी कोणत्या, हे वाचून काढा.

२. नव्या केसमधल्या घटनेची तारीख पाहा. ती बाँडच्या आधीची असेल, तर बाँडच्या काळात वर्तणूक बिघडली असे म्हणता येत नाही. काळ संपल्यानंतरची असेल तरीही तेच. हा मुद्दा वकिलाला आवर्जून सांगा.

३. एफआयआरची प्रत मिळवा. बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. संवेदनशील गुन्ह्यांचा त्याला अपवाद असतो.

४. नव्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की मुलगा प्रोबेशनवर आहे. लाजेपोटी हे लपवले तर वकील नेहमीच्या पद्धतीने 'कबूल करून टाकू' म्हणेल, आणि त्याला तो दोष देता येणार नाही.

५. अटक झाली असेल तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांना बंधनकारक आहे. अटकेचे कारण आणि वकिलाची मदत हे मुलाचे हक्क आहेत.

६. मुलाला दुसऱ्या गावी पाठवू नका. आदेशात राहण्याच्या जागेची अट असेल, तर घर सोडणे हीच वेगळी अट मोडल्यासारखे होते. नवा आरोप पुढे खोटा ठरला तरी हा ठपका मागे राहतो.

७. ठरलेल्या भेटी, कोर्टाच्या तारखा, कामावरची हजेरी यांत एकही खंड पडू देऊ नका. पगाराच्या पावत्या, मालकाचे पत्र, घटनेच्या वेळी मुलगा कुठे होता याचे पुरावे, सीसीटीव्हीची मागणी, हे सगळे लगेच करा. फुटेज काही दिवसांत पुसले जाते.

८. व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सोसायटीच्या चर्चेत किंवा स्टेटसवर केसबद्दल एक ओळही लिहू नका.

९. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. १५१०० ही मदतवाहिनी देशभर चालते.

वाचकांना पडणारे आणखी काही प्रश्न

दुसऱ्या केसमध्ये पुन्हा प्रोबेशन मिळू शकते का?

कलम ४ मध्ये 'आधी दोषी ठरलेला नसावा' अशी अट लिहिलेली नाही, त्यामुळे दार पूर्ण बंद होत नाही. पण न्यायालय व्यक्तीचे चारित्र्य आणि गुन्ह्याची परिस्थिती पाहते, त्यामुळे दुसऱ्यांदा पटवून देणे अवघड जाते. कलम ३ खाली केवळ सक्त ताकीद देऊन सोडण्याची सवलत मात्र मिळत नाही, कारण आधीचा प्रोबेशनचा आदेशही तिथे आधीची दोषसिद्धी म्हणून धरला जातो.

नव्या केसमध्ये निर्दोष सुटला तर?

मग 'गुन्हा केला' हा आधारच जातो आणि प्रोबेशनच्या सुनावणीत त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र मधल्या काळात घर बदलले, भेटी चुकवल्या किंवा समन्स टाळले असेल, तर त्याचे उत्तर वेगळे द्यावे लागते. निर्दोषत्वाचा निकाल आला की त्याची प्रमाणित प्रत लगेच प्रोबेशनच्या न्यायालयात द्या.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर?

त्याच्यासाठी बाल न्याय कायदा, २०१५ आहे आणि बाल न्याय मंडळ निर्णय घेते. तिथेही चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांकडे सोडण्याची तरतूद आहे. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, हे त्या कायद्याचे तत्त्वच आहे. पण अठरा पूर्ण झाल्यावर घडलेल्या गुन्ह्याला हे छत्र नाही, हे वाढदिवसाच्या आधीच मुलाला नीट समजावून सांगा.

प्रोबेशन लवकर संपवता येते का?

वागणूक चांगली असेल आणि देखरेखीची गरज उरली नाही असे वाटले, तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर न्यायालय बाँडमधून मुक्त करू शकते. वर्षभर सगळे नीट पार पडले असेल तर हा विषय अधिकाऱ्याकडे जरूर काढा. बाँडच संपला की पुढच्या एखाद्या खोट्या तक्रारीची भीतीही तेवढी कमी होते.

घरातले वातावरण

शेवटची गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही, पण तिचा परिणाम केसवर होतो. दुसरी केस झाली की घरात पहिले वाक्य येते, "तू सुधारणारच नाहीस." त्यानंतर मुलगा बोलणे बंद करतो. तो गप्प झाला की समन्स आल्याचे सांगत नाही, अधिकाऱ्याकडची भेट चुकल्याचे सांगत नाही, आणि घरच्यांना सगळे कळते तेव्हा दारात वॉरंट असते.

त्याचे चुकले असेल तर रागवा, पण आधी त्याचे ऐकून घ्या. त्या दिवशी काय झाले, कोण होते, कोणी पाहिले, हे त्याला शांतपणे सांगू द्या आणि एका वहीत तारीख-वार लिहून ठेवा. ही वही वकिलाला द्या. मित्रांपैकी कोणाबरोबर असताना दोन्ही वेळा भांडण झाले, हेही त्याच वेळी विचारा. पुढचे एक-दोन वर्षे त्या मंडळींपासून लांब राहिलेले बरे, हे त्याला उपदेशापेक्षा स्वतःच्या केसच्या कागदावरून लवकर पटेल.

प्रत्येक प्रकरणातले तपशील वेगळे असतात, त्यामुळे हा लेख वाचून थेट निर्णय घेऊ नका. वकिलाकडे जाताना मात्र दोन प्रश्न जरूर घेऊन जा. 'या केसमुळे जुन्या बाँडचे काय होईल?' आणि 'मी ज्यावर सही करतोय, त्याने मुलगा दोषी ठरेल का?' या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कशावरही सही करू नका.